त्या महालाचा सातबारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मामांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आहे. त्यात एक फ्रेंच महाल दिसतो. एका बाईने हरणाचं मुंडकं चढवलंय, दुसरीचं डोकं पक्ष्याच्या पिंजऱ्यात आहे. मागचा आवाज सांगतो की हे रॉथ्सचाइल्ड घराणं (युरोपातलं जुनं ज्यू बँकर घराणं), यांच्याकडे पाचशे लाख कोटी डॉलर आहेत, जगातली प्रत्येक मध्यवर्ती बँक यांची आहे आणि वॉटर्लूपासूनची सगळी युद्धं यांनीच घडवली. मामा बँकेतून निवृत्त झालेले, वाचणारे, विचार करणारे. म्हणून तुम्हाला वाटतं की यात काहीतरी तथ्य असणार. किती खरं, किती खोटं, आणि मामांना काय सांगायचं?

मी सव्वीस वर्षं जुन्या व्यापारी घराण्यांची दप्तरं लावते आहे. जमाखर्चाच्या वह्या, हुंड्या, मृत्युपत्रं, घर विकताना केलेल्या सामानाच्या याद्या. या कामामुळे एक सवय लागली. कुणी मोठ्या वाड्याची गोष्ट सांगायला लागलं की मी विचारते: वाडा कोणी बांधला, कधी, कुठल्या पैशातून, आणि आज तो कोणाच्या नावावर आहे? जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार बघतो, तसंच. अफवेला तारीख नसते, घराला असते. म्हणून मी महालांपासूनच सुरुवात करते.

व्हिडिओतला महाल पॅरिसच्या पूर्वेला फेरिएर गावी आहे. जेम्स द रॉथ्सचाइल्डसाठी तो १८५० च्या दशकात जोसेफ पॅक्स्टनने बांधला. लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभा करणारा हाच पॅक्स्टन. १८६२ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन इथे पाहुणा म्हणून आला. आठ वर्षांनी त्याचंच साम्राज्य कोसळलं तेव्हा जर्मनीतल्या प्रशियाचा राजा आणि त्याचा पंतप्रधान बिस्मार्क याच घरात मुक्काम ठोकून होते.

फोटो मात्र १२ डिसेंबर १९७२ च्या रात्रीचे आहेत. गी द रॉथ्सचाइल्ड आणि त्यांची पत्नी मारी-एलेन यांनी दिलेल्या मेजवानीचे. मेजवानीचा विषय होता अतिवास्तववाद, म्हणजे १९२४ पासून पॅरिसमध्ये रुजलेली, स्वप्नातल्यासारखी विसंगत दृश्यं मांडणारी कलाचळवळ. पाहुण्यांनी डोक्यावर त्या शैलीतलं काहीतरी घालून यायचं, अशी अट होती. आमंत्रण उलट्या अक्षरांत छापलेलं, आरशासमोर धरून वाचायचं. त्यावरचं ढगांचं आभाळ त्याच चळवळीतल्या मॅग्रित या चित्रकाराच्या चित्रांतलं. पिंजरा घातलेली बाई म्हणजे अभिनेत्री ऑड्री हेपबर्न. हरणाचं मुंडकं यजमानीणबाईंचं, त्याच्या डोळ्यांतून हिऱ्यांचे अश्रू ओघळताना दाखवले होते. त्या चळवळीतला गाजलेला चित्रकार साल्वादोर दाली स्वतः हजर होता. महालावर नारिंगी दिवे सोडले होते, म्हणून तो पेटल्यासारखा दिसतो.

इथे सैतानाला नरबळी देतात, असंही असे व्हिडिओ सांगतात. त्याचा पुरावा म्हणून दाखवतात त्या टेबलावरच्या मोडक्या बाहुल्या. अतिवास्तववादी कलेत मोडलेल्या बाहुल्या, फरने मढवलेली भांडी, जागा चुकलेले अवयव १९३० च्या दशकापासून आहेत. मेरेट ओपेनहाइमने १९३६ मध्ये कपबशीच फरने मढवली होती, आणि फेरिएरच्या टेबलावर फरने मढवलेल्या ताटल्या होत्या त्या याच परंपरेतल्या. कलेचा इतिहास शिकलेल्या कोणालाही हे संदर्भ पटकन कळतात. ज्याला ते ठाऊक नाहीत त्याला मात्र ते फोटो भयानक वाटणार, आणि त्यात मामांचा काही दोष नाही.

मला त्या फोटोंची चीड येते, पण ती वेगळ्या कारणाने. त्याच १९७२ साली आपल्याकडे दुष्काळ होता आणि माणसं रस्त्यांच्या कामावर खडी फोडत होती. एका रात्रीच्या हौसेवर इतका पैसा उधळणं मला अश्लील वाटतं. हा आक्षेप कोणीही घेऊ शकतं, त्यासाठी सैतानाची गरज पडत नाही.

आता फेरफार बघा. त्या मेजवानीनंतर तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, या कुटुंबाने फेरिएर पॅरिसच्या विद्यापीठाला देऊन टाकलं. २०१५ मध्ये तिथे हॉटेल व्यवसायाचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. व्हिडिओत 'आजही इथे विधी होतात' असं म्हटलं असेल, तर ते विधी स्वयंपाक शिकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांदेखत चालत असले पाहिजेत.

दुसरा महाल असे व्हिडिओ करणाऱ्यांचा फार आवडता: इंग्लंडमधलं मेंटमोर टॉवर्स. मुखवट्यांच्या विधीचं दृश्य असलेल्या एका गाजलेल्या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं, म्हणून 'दिग्दर्शकाने रॉथ्सचाइल्डांच्या घरात जाऊन त्यांचंच सत्य दाखवलं' असं सांगतात. मेंटमोरही पॅक्स्टननेच १८५० च्या दशकात मायर द रॉथ्सचाइल्डसाठी बांधलं. त्यांची एकुलती मुलगी हॅना हिचं १८७८ मध्ये अर्ल ऑफ रोझबेरींशी लग्न झालं. हे रोझबेरी पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. तेव्हापासून घर रोझबेरींचं. १९७० च्या दशकात वारसा कर भरायची वेळ आली. घर आतल्या सामानासह वीस लाख पौंडांना घ्या, असं कुटुंबाने सरकारला सुचवलं. सरकारने नकार दिला. मग १९७७ मध्ये सामानाचा जाहीर लिलाव झाला आणि नुसत्या सामानाचे साठ लाख पौंडांहून अधिक आले. आणि १९७८ मध्ये रिकामी वास्तू कोणी घेतली? महर्षी महेश योगींच्या ध्यान चळवळीने. म्हणजे चित्रपटवाले तिथे पोचले तेव्हा रॉथ्सचाइल्ड नाव त्या घराच्या कागदांवरून जाऊन शंभरावर वर्षं उलटली होती. मी हे एका व्याख्यानात सांगितलं तेव्हा सभागृहात बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

पण मामांशी एकाच घराबद्दल बोलणार असाल, तर व्हिएन्नाबद्दल बोला.

व्हिएन्नात प्रिन्झ-ऑयगेन रस्त्यावर अल्बर्ट रॉथ्सचाइल्डचा महाल होता, नाचगाण्याची दालनं, चित्रं, सगळं असलेला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि लगेच घराण्याचे तिथले प्रमुख लुई रॉथ्सचाइल्ड यांना अटक झाली. साधारण वर्षभर ते गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, ताब्यात होते. ऑस्ट्रियातली मालमत्ता आणि उद्योग लिहून दिल्यावरच सुटले. महाल जप्त झाला. त्याच ऑगस्टमध्ये त्या महालात एक सरकारी कचेरी उघडली. ज्यूंना कागदपत्रांच्या एकेका खिडकीवरून पुढे सरकवत, त्यांच्याकडचं सगळं काढून घेऊन देशाबाहेर घालवणारी कचेरी. चालवणाऱ्याचं नाव अॅडॉल्फ आइकमन, पुढे लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांत धाडणारा नाझी अधिकारी. 'जग चालवणाऱ्या' घराण्याच्या घरातच ज्यूंना हाकलण्याचं यंत्र बसवलं गेलं आणि घराणं काही करू शकलं नाही. त्यांच्या भिंतींवरची चित्रं हिटलरच्या नियोजित संग्रहालयासाठी उचलली गेली. युद्धानंतरही ऑस्ट्रियाने त्यातला मोठा भाग दाबून ठेवला. सुमारे अडीचशे वस्तू वारसांना परत मिळाल्या त्या १९९९ मध्ये. महाल तर १९५४ मध्येच पाडला गेला होता. फ्रेंच शाखेतल्या फिलिप द रॉथ्सचाइल्ड यांच्या पत्नी एलिझाबेथ १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावल्या. त्या जन्माने ज्यूही नव्हत्या.

मी हा मजकूर कितीदा तरी बोलले आहे, तरी प्रत्येक वेळी आवाज कापरा होतो.

इंग्लंडमधल्या वॉडसडनबद्दल थोडंच. फर्डिनांड रॉथ्सचाइल्डने १८७४ मध्ये एक उघडी टेकडी घेतली आणि तिच्यावर फ्रेंच धाटणीचा महाल उभा केला. मोठी वाढलेली झाडं मुळांसकट आणून लावली, ती ओढायला नॉर्मंडीचे पेर्शेरॉन घोडे आणले. पुढे त्याची बहीण अॅलिस तिथे राहिली. ती दिवसभर पडदे ओढून ठेवायची. त्यावरही कथा रचल्या जातात. ऊन लागलं की रेशीम आणि जुनी रंगचित्रं उतरतात, म्हणून पडदे. मी माझ्या दप्तरखान्याच्या खिडक्यांना तेच करते. वॉडसडन १९५७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिकीट काढून तुम्ही आतल्या खोल्या बघून येऊ शकता.

आता वॉटर्लू. गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल: नेथन रॉथ्सचाइल्डने रणांगणावरून नेपोलियनचा पराभव पाहिला, घोडा फेकत किनारा गाठला, वादळात कोळ्याला पैसे चारून खाडी ओलांडली, लंडनच्या बाजारात खोटी घबराट पसरवून सरकारी रोखे मातीमोलाने घेतले. ही गोष्ट रंगवून छापली गेली ती १८४६ मध्ये, पॅरिसमध्ये. लढाईला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती आणि नेथनला मरूनही दहा. छापणाऱ्याने स्वतःचं टोपणनाव 'सैतान' ठेवलं होतं. त्याचं खरं नाव जॉर्ज दॅर्नव्हेल. ही पुस्तिका त्याच वर्षी का निघाली? त्या जुलैत उत्तर फ्रान्समध्ये फाँपू इथे रेल्वेचा मोठा अपघात झाला. गाडी रुळावरून घसरून दलदलीत गेली, माणसं मेली. ती रेल्वे जेम्स रॉथ्सचाइल्डच्या कंपनीची होती आणि नुकतीच सुरू झाली होती. लोकांचा संताप रास्त होता. कंपनीला जाब विचारायला हवाच होता. पण त्या रागाचा मोर्चा एका धर्माच्या लोकांकडे वळवला गेला. पुढे नाझी जर्मनीने १९४० मध्ये याच वॉटर्लूच्या गोष्टीवर प्रचारपट काढला. मामांकडे आलेला व्हिडिओ त्याचंच नातवंड आहे.

खरं काय घडलं? १८ जून १८१५ ला लढाई झाली तेव्हा नेथन वॉटर्लूला नव्हता. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा अधिकृत निरोप घेऊन मेजर पर्सी लंडनला पोचला तो २१ तारखेच्या रात्री. नेथनला बातमी त्याआधी मिळाली असण्याची शक्यता आहे. त्याच्या एका माणसाच्या पत्रात तसा उल्लेख आहे की त्या लवकर मिळालेल्या बातमीचा तुम्हाला फायदा झाला असं ऐकतो. हे मी लपवणार नाही, कारण मामा उद्या तेच पत्र काढून दाखवतील. पण बातमी आधी मिळून थोडी कमाई करणं वेगळं आणि देश विकत घेणं वेगळं. इतिहासकार नील फर्ग्युसन यांनी तर उलटंच मांडलं. एल्बा बेटावरच्या बंदिवासातून नेपोलियन सुटल्यावर लांब युद्ध होणार असं धरून रॉथ्सचाइल्ड बंधूंनी सैन्याच्या पगारासाठी सोनं साठवलं होतं, आणि युद्ध झटक्यात संपल्यामुळे ते सोनं त्यांच्या गळ्यात पडलं.

मग घराणं श्रीमंत झालं कसं? मला मनापासून बोलावंसं वाटतं ते याच भागावर, कारण व्हिडिओपेक्षा ते कितीतरी रंजक आहे. फ्रँकफर्टच्या ज्यू गल्लीत मायर आम्शेलचा जन्म १७४४ चा. ज्यूंनी कोंडून राहावं अशी ती अरुंद गल्ली. घरांना क्रमांकांऐवजी चिन्हं असत. पूर्वजांच्या घरावर लाल ढाल होती, तिचंच जर्मन नाव आडनाव झालं. पाच मुलगे पाच शहरांत: फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स, पॅरिस. प्रत्येकाची पेढी, सगळ्यांचा हिशेब एकत्र. आपल्याकडच्या आंगडियांसारखे भरवशाचे निरोपे रस्त्यावर सतत. भावांची आपसातली पत्रं जर्मन भाषेत पण हिब्रू अक्षरांत. बाहेरच्याला वाचता न येणारं अक्षर दिसलं की कट शिजतोय असं लोकांना वाटतं. मोडीतल्या कागदांकडेही लोक असंच बघतात. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं मोडी कागद घेऊन येतात तेव्हा त्यात गुप्तधन आहे अशी त्यांची खात्री असते, आणि निघतं काय, तर बैल विकल्याची पावती. भावांची पत्रंही बहुतेक तशीच आहेत: दर, व्याज, कोण आजारी, कोण कोणावर रागावलं. लंडनला घराण्याचं दप्तर संशोधकांसाठी खुलं आहे.

त्यांची खरी करामत १८१८ ची. प्रशियाला पन्नास लाख पौंडांचं कर्ज त्यांनी उभं करून दिलं. कर्जरोखे पौंडात काढले, व्याज लंडनमध्ये मिळायची सोय केली. इंग्लंडमधल्या सामान्य गुंतवणूकदाराला आता घरबसल्या परक्या राज्याचा रोखा घेता येऊ लागला. आजच्या आंतरराष्ट्रीय कर्जबाजाराची ही एक पायाभरणी होती. मामा बँकेत होते, ही गोष्ट त्यांना आवडेल.

आणि हेच घराणं ओसरलं कसं, तेही कागदांवर आहे. नेपल्सची पेढी १८६३ मध्ये बंद. जिथून सुरुवात झाली ती फ्रँकफर्टची १९०१ मध्ये बंद, कारण चालवायला मुलगाच उरला नाही. त्यांनीच उभी केलेली ऑस्ट्रियाची क्रेडिटआनस्टाल्ट बँक १९३१ मध्ये बुडाली आणि युरोपभर मंदीचा धक्का बसला. फ्रान्समधली बँक १९८२ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. अमेरिकेत तर त्यांनी वेळेवर पाय रोवलेच नाहीत, आणि विसावं शतक अमेरिकेचं निघालं.

पाचशे लाख कोटी डॉलरचा आकडा तपासायला कागद-पेन्सिल पुरे. २०२२ अखेरीस जगातल्या सगळ्या कुटुंबांची मिळून खाजगी संपत्ती सुमारे ४५४ लाख कोटी डॉलर धरली गेली होती. एका घराण्याकडे सगळ्या जगापेक्षा जास्त कसं असेल? मध्यवर्ती बँकांचं तर मामांनी स्वतःच सांगावं. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला भागधारकांची बँक म्हणून सुरू झाली, १ जानेवारी १९४९ पासून ती पूर्णपणे भारत सरकारची. बँक ऑफ इंग्लंड १९४६ पासून सरकारी. 'मला देशाच्या पैशावर ताबा द्या, कायदे कोण करतो याची मला पर्वा नाही' हे मायर आम्शेलच्या तोंडी घातलेलं वाक्यही त्याच्या हयातीतल्या कुठल्याही कागदात नाही.

मग या घराण्याला काही विचारायचंच नाही का? विचारायला हवं, आणि खूप काही. ब्रिटनने गुलामगिरी संपवली तेव्हा नुकसानभरपाई गुलामांना मिळाली नाही, त्यांच्या मालकांना मिळाली: दोन कोटी पौंड. त्यातले दीड कोटी १८३५ मध्ये नेथन रॉथ्सचाइल्ड आणि त्यांचे साडू मोझेस मॉन्टेफिओरे यांनी कर्ज काढून उभे केले. ते देणं ब्रिटिश करदात्यांनी पुरतं फेडलं ते २०१५ मध्ये. दक्षिण आफ्रिकेत सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश उद्योजकाने हिऱ्यांच्या खाणी एका मुठीत आणल्या तेव्हा मागे याच लंडनच्या पेढीचा पैसा होता. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे समभाग घ्यायला ब्रिटिश सरकारने चाळीस लाख पौंड इथूनच उचलले. हे सगळं उघड कागदांवर आहे, नावा-आकड्यांसकट. व्हिडिओवाले याला हात लावत नाहीत, कारण इथे ब्रिटिश सरकार, मळेवाले, खासदार, सगळेच अडकतात आणि एका धर्माकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही.

आपल्या मुंबईचंही असंच. 'पूर्वेचे रॉथ्सचाइल्ड' म्हणवले गेलेले ससून १८३२ च्या सुमारास बगदादच्या बाजूने मुंबईत आले. गोदी, ग्रंथालय, पुण्याचं रुग्णालय आणि लाल देऊळ यांवर त्यांचं नाव आपण रोज वाचतो. पैसा कापसातून आला तसाच चीनला जाणाऱ्या अफूतूनही आला. त्या व्यापारात पारशी, मारवाडी, गुजराती आणि इंग्रज पेढ्याही होत्या. १८८७ मध्ये एडवर्ड ससूनचं लग्न पॅरिसच्या अलीन द रॉथ्सचाइल्डशी झालं. दोन्ही घराणी जोडली जाणं हेही व्हिडिओत 'पुरावा' म्हणून येतं. सोयरीक बघताना आपल्याकडच्या पेढीवाल्यांनी काय वेगळं केलं?

आणखी एक धागा. लंडनच्या पेढीत बसणारे चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांना पिसवांचा अभ्यास करायचा छंद होता. १९०३ मध्ये त्यांनी एका पिसवेचं शास्त्रीय वर्णन केलं आणि प्राचीन इजिप्तच्या चिऑप्स राजावरून तिला नाव दिलं. १८९६ पासून मुंबई-पुण्याला उद्ध्वस्त करणारा प्लेग उंदरांवरची हीच पिसू पसरवते, हे पुढे परळमध्ये बसलेल्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी पक्कं केलं. 'रोग पसरवणारं घराणं' असा संदेश करोनाकाळात मला आला होता, तेव्हा मला ही पिसू आठवली.

मामांना काय सांगायचं? भांडू नका, ग्रुपवर तर मुळीच नको. चारचौघांत खोटं ठरलेला माणूस मागे फिरत नाही. समोर बसून बोला. एवढं जरूर सांगा की हा व्हिडिओ ज्यांच्याविरुद्ध आहे ती माणसं आपल्याला परकी नाहीत. अलिबाग-पेणच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल ज्यू. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांनी मराठीत कीर्तनं केली आहेत. माझ्या एका व्याख्यानानंतर त्यांच्यापैकी एक वृद्ध गृहस्थ मला भेटले. म्हणाले, सोसायटीच्या ग्रुपवर हा व्हिडिओ आला, खाली अकरा जणांनी अंगठे दाखवले, आणि मी काही लिहिलं नाही. चाळीस वर्षं ते त्या इमारतीत राहत होते.

मामांपुढे फेरिएरचा तो फोटो ठेवा आणि बँकेत कर्जाच्या अर्जदाराला ते जे विचारत असतील तेच विचारा: मालमत्ता आज कोणाच्या नावावर आहे? उत्तर त्यांना स्वतःला शोधू द्या. त्यांना तारण तपासायची सवय आहे.